दगडफुलात हळद

मधुवंती पुण्याहून कोलकात्याला निघाली ती एक नाव आणायला. दोन रात्रींचा प्रवास, मांडीवर थर्माकोलचा डबा आणि डब्यात सात कुप्या. झोपतानाही डबा उशाशीच, तेव्हा समोरच्या बर्थवरच्या आजोबांना राहवेना. त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, अस्थी आहेत का गं?"

"नाही हो आजोबा. दगडफूल आहे."

आजोबांनी कूस बदलली ती थेट नागपूरपर्यंत.

हो, दगडफूलच. गोड्या मसाल्यात पडतं ते. त्याच्यावर कुणी चार वर्षं पीएचडी करतं का, असं तिच्या आत्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. करतात बापडे. झाडांच्या सालींवर, कातळांवर पापुद्र्यासारखं वाढणारं हे दगडफूल शेकडो जातींचं असतं. मधुवंतीने त्यातल्या पंधरा जाती गोळा केल्या, एकेक खलात स्पिरिट घालून कुटली, अर्क काढला आणि निळ्या प्रकाशाखाली धरला. चौदा जाती ढिम्म. पंधरावी, आंबोलीच्या कातळावरची, अशी हिरवीगार चमकली की पोरगी टेबलाभोवती नाचली. तिचे गाइड गुरुदत्त सर वर्षातून दोनदा हसतात. त्यातलं एक हसू त्यांनी त्या दिवशी खर्चून टाकलं.

पेपर लिहिला, पाठवला. मासिकाने उलट विचारलं, चमकतंय हे ठीक, पण चमकतंय ते काय? जानेवारीअखेर त्या द्रव्याचं नाव कळवा, नाहीतर पेपर परत. आणि पेपर परत आला की थिसिस अडलाच. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. थोडक्यात, पोरीची चार वर्षं त्या सात कुप्यांत होती.

पुण्याचं यंत्र किती चमकतं एवढंच सांगायचं. काय चमकतं ते सांगणारं यंत्र होतं कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या एका संस्थेत. तिथल्या शर्मिष्ठादी आणि गुरुदत्त सर गेली दहा वर्षं एकमेकांची कामं करत आलेले. दींनी गुरुवारचा दिवस दिला आणि शनिवारची सकाळ. मधला शुक्रवार का वगळला, हे विचारायचं मधुवंतीला सुचलं नाही.

ती उतरली बेहालाला, विजयामावशीकडे. मावशी म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण. अनिलकाका बँकेत, बदल्या घेत घेत इथवर पोचलेले. आईने मावशीसाठी अर्धा किलो गोडा मसाला दिला होता. तो लक्षात ठेवा, कारण मधुवंतीने पुढे पहिला संशय त्याच्यावरच घेतला.

गुरुवारी सकाळी मेट्रो, मग बस, मग एस्प्लनेडहून दुसरी मेट्रो, असं करत ती सेक्टर फाइव्हला पोचली. शर्मिष्ठादी पन्नाशीच्या, सुती साडीवर खेळाचे बूट, चष्मा दोरीने गळ्यात. दोघींचं बोलणं हिंदीत. दींचं हिंदी बंगाली वळणाचं आणि हिचं मराठी वळणाचं, त्यामुळे दोघींनाही एकमेकींची लाज वाटली नाही. कुप्यांतला थेंब थेंब यंत्रात गेला. यंत्र घूं घूं करत बसलं. मधुवंती नखं खात बसली.

तासाभराने दींनी चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हळद," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"कशाला नाही. हे हळद आहे. हळद ज्याने पिवळी दिसते ना, तेच द्रव्य. सातही कुप्यांत."

मधुवंतीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. दगडफुलात हळद? कातळावर उगवणाऱ्या पापुद्र्यात? हे म्हणजे नारळाच्या झाडाला वांगी लागली म्हणण्यासारखं झालं.

"दीदी, काहीतरी चुकतंय. पुन्हा बघू या ना."

पुन्हा पाहिलं. पुन्हा हळद. तिसऱ्यांदाही हळदच. वर आणखी एक विचित्र गोष्ट: पहिल्या कुपीत भरपूर, दुसरीत त्याहून कमी, असं उतरत उतरत सातवीत नुसती नावाला.

"कमी होत जातंय ते मला माहीत आहे," मधुवंती घाईने म्हणाली. "पेपरात त्याचा आलेखच दिलाय. दर पंधरा दिवसांनी एक कुपी केली मी. थंडी वाढते तसं त्याचं तेज ओसरतं."

"असेल," दी म्हणाल्या. त्या 'असेल'चा सूर काही मधुवंतीला आवडला नाही.

खोटं कशाला बोला, अर्धा तास तिला भलतीच स्वप्नं पडली. कुणी सांगावं, हे दगडफूल खरोखरच हळद बनवत असेल! जगात कुणी पाहिलं नाही ते आपल्याला सापडलं असेल! आपल्याकडे म्हणतात ना, अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं, तशी ती तिथल्या तिथे पिवळी झाली. दींनी चहा पुढे केला आणि शांतपणे म्हणाल्या, "असं म्हणायचं असेल तर जरूर म्हण. फक्त आधी खात्री कर की ती बाहेरून आलेली नाही."

बाहेरून! मधुवंतीच्या डोक्यात घंटा वाजली. मसाला!

संध्याकाळी बेहालाला पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, "मावशी, मसाल्याची पिशवी कुठेय? फुटली होती का?"

"अगं बाई, तुझ्या आईने बांधलेली पिशवी ती!" विजयामावशींनी ओट्यावरचा डबा समोर ठेवला. "आधी डबा, डब्यात कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची, वर सात गाठी. सोडवता सोडवता यांची नखं गेली. मुंगी शिरली नसती आत. झालं काय पण?"

मधुवंतीने सांगितलं. मावशींना त्यातली हळद तेवढी कळली.

"मग बरंच की! औषधी असते हळद."

"मावशी, दगडफुलात हळद नसते!"

"मसाल्यात तर दोन्ही असतात," मावशी म्हणाल्या आणि पोळ्यांकडे वळल्या.

मसाला सुटला निर्दोष. तो प्रवासात दुसऱ्याच बॅगेत होता, हेही तिला आठवलं. मग संशय फिरला कोलकात्याकडे. यांच्याच यंत्रात काहीतरी अडकलं असणार. यांच्या मुली डबे खाऊन तशाच हातांनी काम करत असणार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी आपली जुनी रीत आहे, ती पुणेकर पोरगी कशी सोडेल? पण दींनी प्रत्येक वेळी मध्ये कोरं स्पिरिट टाकून यंत्र तपासलं होतं, आणि कोरं ते कोरंच निघालं होतं. हेही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हळद आली कुठून? डोकं पार भंजाळलं.

जेवता जेवता फोन वाजला. गुरुदत्त सर.

"नाव मिळालं का गं?"

"सर, ते... यंत्र शनिवारी पुन्हा चालवायचंय. मग सांगते."

"बरं. घाई नको, पण महिना संपत आलाय."

फोन ठेवल्यावर तिला कसंसंच झालं. नाव तर मिळालं होतं. सांगायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी काम नाही असं दी म्हणाल्या होत्या, तरी मधुवंती गेलीच. घरात बसून भिंतीकडे बघत राहायचं तर प्रयोगशाळेच्या भिंती काय वाईट! मेट्रोत चढली आणि चक्रावली. अख्खा डबा पिवळा. कॉलेजच्या मुली पिवळ्या साड्यांत, मुलं पिवळ्या कुडत्यांत, एका आजीबाईंच्या कडेवरचं लेकरूसुद्धा पिवळं. क्षणभर तिला वाटलं, हळदीने आता डोळ्यांतच ठाण मांडलं.

संस्थेत पोचली तर दारात रांगोळी, आत सरस्वतीची मूर्ती, झेंडू, धूप आणि खिचडीचा घमघमाट. यंत्रावर स्वच्छ पांढरी चादर.

"आज सरस्वतीपूजा," दी म्हणाल्या. त्याही पिवळ्याच. "आज आमच्याकडे कुणी पुस्तक उघडत नाही आणि यंत्राला हात लावत नाही. देवीपाशी ठेवायचं आणि गप्प बसायचं. तू आलीस ते छान केलंस, खिचडी खाऊन जा."

मधुवंती तोंडाने 'हो' म्हणाली. मनात मात्र म्हणाली, धन्य आहे! एवढं करोडोंचं यंत्र, इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि हे चादर पांघरून बसलेत. विज्ञानाच्या संस्थेत असली थेरं! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते हेच. स्वतःच्या डोळ्यात अख्खं मुसळ होतं, ते दिसायला अजून पाच मिनिटं अवकाश होता.

मूर्तीच्या पायाशी पुस्तकांची चळत होती. वह्या, पेनं, एक पिपेट आणि एक छोटा पांढरा चिनी मातीचा खल, बत्त्यासकट. नवीनच आलेली एक विद्यार्थिनी चंदनाची वाटी घेऊन सगळ्यांना बोटं टेकवत चालली होती. पुस्तकाला टिकली, वहीला टिकली. ती खलाकडे वळली मात्र, दींनी झटकन तिचं मनगट धरलं.

"त्याला नाही गं! त्याला फक्त फूल. उद्या त्याच्यात काम करायचंय."

मधुवंतीच्या हातात खिचडीचा द्रोण होता. तो तिथेच थांबला.

पुण्याची प्रयोगशाळा. दसरा. झेंडूची माळ सूक्ष्मदर्शकाला, आपट्याची पानं तराजूवर. दरवर्षीची खंडेनवमीची पूजा सुट्टीमुळे दसऱ्यालाच सकाळी उरकलेली. सगळ्या मुली साड्या नेसून आलेल्या. आणि हळदीकुंकवाची कुयरी होती तिच्या हातात. उत्साह तर काय, तिचाच उतू चाललेला. यंत्रांना तिने बाहेरून, झाकणावर बोट टेकवलं होतं. पण खलाला? खलाला बाहेर कुठे जागाच नाही म्हणून तिने आत, बरोबर मध्यभागी, हळदीची चांगली चिमूट ठेवली होती आणि तिच्यावर कुंकू.

खिचडी बाजूला ठेवून ती कॉरिडॉरमध्ये आली आणि ग्रुपवरचे फोटो शोधू लागली. सापडला. झेंडूच्या मधोमध पांढरा खल, त्याच्या पोटात पिवळा डाग आणि शेजारी हिरव्या बांगड्यांचा हात. बांगड्या तिच्या आईच्या.

दसरा दोन ऑक्टोबरला. चमकलेली पहिली कुपी सहा ऑक्टोबरची. आधीच्या चौदा जाती सगळ्या गणपतीच्या आत कुटलेल्या. दसऱ्यानंतर त्या खलात आंबोलीशिवाय दुसरं काही पडलंच नव्हतं. खल तिने धुतला होता, हो, दर वेळी धुतला होता, पण पाण्याने. पाण्याने तो पांढराशुभ्र दिसायचा. त्या खरखरीत भिंतीत मुरलेली हळद स्पिरिट पडलं की थोडी थोडी बाहेर यायची. पहिल्या वेळी खूप, दुसऱ्या वेळी कमी, सातव्या वेळी नावाला. थंडी वाढते तसं तेज ओसरतं म्हणे! थंडीचा काय संबंध? खल हळूहळू स्वच्छ होत होता, एवढंच. आणि त्याचा तिने रंगीत आलेख काढला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोसुद्धा पुणे ते कोलकाता.

तरी माणसाची आशा चिवट. डब्याच्या तळाशी तपकिरी कागदाच्या पुडीत आंबोलीचं न कुटलेलं दगडफूल होतं. शनिवारी सकाळी दींनी कपाटातून कोरा खल काढून दिला. मधुवंतीने ते स्वतःच्या हाताने कुटलं, अर्क काढला, दिवे मालवून निळ्या प्रकाशाखाली धरला. देवा, थोडंसं तरी, अगदी काजव्याएवढं तरी चमकू दे!

ढिम्म. चौदा भावंडांसारखंच पंधरावंही ढिम्म.

यंत्रानेही तेच सांगितलं. हळदीचा मागमूस नाही. मधुवंतीने दींना दसऱ्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"मी रिपोर्टात यंत्र सांगतं तेवढं लिहिते," त्या म्हणाल्या. "कुप्यांत हळद, ताज्या नमुन्यात नाही. का, ते तुझं तू लिही. एक वाजेपर्यंत मी इथे आहे."

मधुवंती बाहेर आली. इमारतीमागे एक तळं होतं, त्याच्या काठच्या कट्ट्यावर बसली. साधं सोपं होतं. 'प्रवासात नमुने बिघडले' म्हटलं की झालं. मसाल्याची पिशवी फुटली म्हणता आलं असतं, आईलाही कळलं नसतं. मासिक आणखी एखादा महिना देईल. सर चार शिव्या देतील आणि विसरतील. खलाचं काय, एक दिवस हातून पडला, फुटला. दसऱ्याच्या फोटोकडे पुन्हा कोण बघतंय? चार वर्षं, आंबोलीचे ते निसरडे कातळ, सोलवटलेले गुडघे, सगळं एका चिमटीत गेलं होतं आणि ती चिमूट तिचीच होती. रडू आलं. ती रडली. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बाईने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा धुणं आपटायला घेतलं.

मग तिने फोन लावला.

"सर, नाव मिळालं. हळद आहे."

"काय आहे?"

तिने सगळं सांगितलं. दसरा, कुयरी, खल, स्पिरिट, आलेख. मध्ये थांबलीच नाही, कारण थांबली असती तर पुढचं सांगता आलं नसतं.

"म्हणजे पी हळद अन् हो गोरी," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच, कोरडा. रागावले होते की काय, काही कळेना. "हळद कुणी ठेवली?"

"मी, सर."

"तुला कुणी सांगितलं ठेवायला?"

"कुणी नाही. माझं मीच..."

"चूक," सर म्हणाले. "मी सांगितलं. तू यंत्रांना लावून कुयरी बंद करत होतीस. मी म्हटलं, त्या बिचाऱ्या खलाला विसरू नका, खरं काम तोच करतो. आणि तो फोटो मीच काढला. समोर उभा राहून, हळदीकडे बघत, तीस वर्षांचा अनुभव खिशात घालून."

मधुवंतीने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. सर म्हणाले होते असं? झेंडू आठवत होते, पेढे आठवत होते, सरांचा तो एकुलता एक सिल्कचा झब्बा आठवत होता. हे वाक्य मात्र काही केल्या आठवेना.

"सर, खरंच म्हणाला होतात तुम्ही?"

"मासिकाला पत्र लिही," सर म्हणाले. "पेपर मागे घेतोय. कारण स्पष्ट लिही, हळदीसकट. आणि 'माझ्याकडून' लिहू नकोस, 'आमच्याकडून' लिही. माझं नाव वर घाल. मुदतवाढीसाठी मी स्वतः जाऊन बसतो विद्यापीठाच्या दारात. देतील न देतील, ते पुढे बघू. ऐकतेस ना?"

"हो सर."

"आणि रडणं आवर. दींसमोर पुण्याची लाज जाईल."

पत्र तिने तिथेच कट्ट्यावर बसून लिहिलं. एक वाजायला दहा मिनिटं असताना ते दींना वाचून दाखवलं. दींनी एक शब्द बदलला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. जाताना कपाटातला तो कोरा खल कागदात गुंडाळून तिच्या डब्यात ठेवला. रिकाम्या कुप्यांपेक्षा तो चांगलाच जड होता.

रविवारी सकाळी निघायची वेळ झाली. अनिलकाका खाली टॅक्सी थांबवून उभे होते. विजयामावशी देवघरातून कुयरी घेऊन आल्या, सासरी-माहेरी जाणाऱ्या कुठल्याही बाईला लावतात तसं हळदीकुंकू लावायला. मधुवंती दचकून दोन पावलं मागे सरली. मग तिने डबा उचलला, जिन्यात नेऊन ठेवला, दार ओढून घेतलं आणि परत आली.

"काय गं हे?"

"काही नाही. मावशी, एक विचारू? आपली चूक असली आणि मोठ्या माणसाने 'निम्मी माझी' म्हणून अंगावर घेतली. पण खरंच त्याची होती की आपल्यासाठी म्हणतोय, हेच आपल्याला आठवत नसलं, तर काय करायचं?"

मावशींनी हळदीत बोट बुडवलं.

"देतोय तर घ्यावं. तुझ्यावर पाळी आली की तूही तशीच घे कुणाची तरी. हं, कपाळ पुढे कर."

तिने कपाळ पुढे केलं. खाली काका टॅक्सीवाल्याला हॉर्न वाजवायला सांगत होते.